दोन लीगमध्ये विभागलेली बचावपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी

१९७२ ते १९७९ या सात हंगामांत उत्तर अमेरिकेत वर्ल्ड हॉकी असोसिएशन, म्हणजेच डब्ल्यूएचए, नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजेच एनएचएलच्या, विरोधात उभी होती. या दोन्ही लीगमध्ये खेळलेल्या आइस हॉकी बचावपटूचे मूल्यमापन करताना दोन्हीकडच्या आकड्यांची बेरीज करू नये. ते शेजारी-शेजारी मांडावेत.

प्रथम खेळाडूने लीग केव्हा आणि का बदलली ते पाहावे. एनएचएलच्या राखीव कलमामुळे करार संपल्यानंतरही खेळाडूवर संघाचाच हक्क राहत असे. नोव्हेंबर १९७२मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी या कलमाच्या आधारे खेळाडूंना अडवण्यास मनाई केली. त्यामुळे लीग सोडण्याचा अर्थ खेळ उतरणीला लागला असा घेणे अन्यायाचे ठरते.

बचावपटू जे. सी. ट्रेम्बले यांचे उदाहरण तपशिलात पाहण्याजोगे आहे. १९७०-७१मध्ये एनएचएलच्या माँट्रियल कॅनेडियन्सकडून त्यांनी ५२ गोलांना साहाय्य केले, तर १९७२-७३मध्ये डब्ल्यूएचएच्या क्युबेक नॉर्डिक्सकडून ७५. दोन्ही हंगाम ७८ सामन्यांचेच होते, तरीही या दोन आकड्यांवरून ते अधिक चांगले खेळू लागले असा निष्कर्ष निघत नाही. नव्या लीगमधील संघांत अनुभवी खेळाडू विरळ होते, शिवाय तेथे साखळी सामन्यांतही बरोबरी झाल्यास दहा मिनिटांचा जादा वेळ मिळत असे, जो एनएचएलमध्ये तेव्हा नव्हता. मात्र धडकेपेक्षा पकवरील (खेळातील रबरी चकतीवरील) ताबा आणि अचूक पास यांवर उभा असलेला त्यांचा खेळ दोन्हीकडे तोच राहिला, आणि माझ्या मते बचावपटूची खरी ओळख तिथेच पटते.

यानंतर समान प्रतिस्पर्धी शोधावा. १९७२च्या कॅनडाच्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत डब्ल्यूएचएशी करार केलेल्यांना स्थान नव्हते, म्हणून ट्रेम्बले यांची अनुपस्थिती गुणवत्तेशी जोडू नये. बचावपटू पॅट स्टेपलटन मात्र १९७२मध्ये एनएचएलचे आणि १९७४मध्ये डब्ल्यूएचएचे खेळाडू म्हणून कॅनडाकडून सोव्हिएत संघासमोर उतरले; इतकी समान कसोटी क्वचितच मिळते.

शेवटी १९७९नंतरचे हंगाम तपासावेत. त्या वर्षी एडमंटन, क्युबेक, विनिपेग आणि हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये सामील झाले. ट्रेम्बले तोवर निवृत्त झाले होते; टोरोंटोहून १९७२मध्ये न्यू इंग्लंड व्हेलर्सकडे (हाच पुढे हार्टफर्डचा संघ) गेलेले बचावपटू रिक ले मात्र हार्टफर्डचे कर्णधार म्हणून एनएचएलमध्ये परतले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आधीच्या आणि नंतरच्या एनएचएल हंगामांची थेट तुलना करता येते.