खळ्यात गाडीचं ऑइल बदलताना

चिऱ्यावर गाडी चढवून खाली शिरू नका. बाकी चुकांना इलाज आहे, या चुकीला नाही. कोकणात घराच्या कडेला जांभ्याचे चार चिरे पडलेले असतातच, आणि ते एकावर एक रचून पुढची चाकं वर घ्यायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. भिंतीत चिरा भार नीट पेलतो, कारण तिथे भार सगळ्या अंगावर सारखा बसतो. चाकाखाली तो एका कडेला दाबला जातो, आणि पावसाचं पाणी मुरलेला सच्छिद्र चिरा आवाज न करता फुटतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही जायचं नाही. लोखंडी रॅम्पची जोडी वापरा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावा. जागा सपाट आणि टणक हवी. सारवलेल्या खळ्यात स्टँडचे पाय रुततात, तेव्हा खाली जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावा. या तिन्ही गोष्टी करायच्या, एक केली म्हणून दुसरी सोडायची नाही.

ऑइल कधी बदलायचं, यासाठी बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. इथे यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. वर्षभर पडवीशेजारी उभी राहून गणपतीला आणि शिमग्याला चालणारी गाडी २,००० किमीही जात नाही, पण ऑइल जुनं होतंच. रोज चार किलोमीटर बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ बाहेर न पडता ऑइलमध्ये उतरते. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते ती हीच. अशा गाडीला मॅन्युअलमधलं कठीण वापरासाठीचं कमी अंतराचं वेळापत्रक लावा. पण सायीबरोबर कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सीलपट्टी, तपासून घ्या. नवं ऑइल घालून तो दोष जात नाही.

ऑइलची ग्रेड, म्हणजे ते किती पातळ किंवा जाड याचा आकडा, मॅन्युअलमधली तीच घ्या. ‘आपल्याकडे उकाडा, जाड ऑइल बरं’ म्हणून ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-४० ओतलं, तर गाडी सुरू होताना ते अरुंद वाटांमधून वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळी होते. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर त्यासाठी सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल हवं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठत जाते आणि ती जळून जात नाही. लहान पेट्रोल गाड्यांना ३ लिटरच्या आसपास ऑइल लागतं. नेमका आकडा ‘फिल्टरसह’ या ओळीत बघा.

सोबत नवा फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या बोल्टचा, नवा वॉशर घ्या. वॉशर अगदी स्वस्त असतो, आणि जुनाच चेपलेला परत लावला की बोल्टखाली थेंब धरू शकतो.

गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिन पाचेक मिनिटं चालवा, बंद करा आणि खाली शिरण्याआधी परत पहिल्या गिअरमध्ये टाका. ऑइल कोमट हवं, चटका देणारं नको. वरचं झाकण सैल करा, म्हणजे हवा जाऊन धार नीट पडते. आता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट. खाऱ्या हवेने तो गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि तोंडाचा पाना न लावता सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना लावा. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. खाली झोपून वर बघताना दिशा चुकते. बोल्टच्या डोक्याकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवायचं. आणि बोल्ट गिअरबॉक्सचा नाही ना, ते आधी पक्कं करा. काळ्या ऑइलऐवजी मधासारखं पिवळं, उग्र वासाचं तेल यायला लागलं तर लगेच बोल्ट परत लावा.

पसरट टब खाली सरकवा आणि १५ ते २० मिनिटं निथळू द्या. हातमोजे घाला. जळकं ऑइल रोज कातडीला लागणं घातक आहे.

फिल्टर काढला की बसण्याची जागा फडक्याने पुसा आणि जुनी रबरी रिंग तिथे चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं आणि मिनिटभरात चेंबर रिकामा होतो. नव्या रिंगेला थोडं नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा द्या. पाना लावू नका.

बोल्टचे पहिले काही आटे बोटांनीच बसवा. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की खर्च हजारांत जातो. टॉर्क पाना असेल तर लहान पेट्रोल गाड्यांत आकडा साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो, आपल्या गाडीचा मॅन्युअलमधून घ्या.

नरसाळ्याने सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिन सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर तिथेच बंद करा. विझला तर मिनिटभर चालवून खाली गळती बघा, मग गाडी सपाटीवर उतरवून दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. रॅम्पवर बघितलेली पातळी खोटी असते. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत लिटरभराचा फरक असतो, तेव्हा थोडं थोडं ओतत वरच्या खुणेजवळ थांबा. तिच्यावर गेलं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइल घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो. दुसऱ्या दिवशी बोल्ट आणि फिल्टर एकदा कोरड्या फडक्याने पुसून बघा.

पुरात बुडालेल्या गाडीचा नियम वेगळा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी किल्ली लावून बघायचीच नाही. बॅटरीची तार काढा आणि डिपस्टिक बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. मात्र पट्टी स्वच्छ दिसली तरी सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, म्हणून गाडी ओढूनच गॅरेजला न्या.

आता उरलं काळं ऑइल. वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना फासायची, नाहीतर माडाच्या बुंध्याशी किंवा परसात ओतायची पद्धत सोडून द्या. जांभ्यातून पाणी झिरपतं, आणि पावसाळ्यात त्याच वाटेने ते विहिरीत उतरतं. घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. सांडलेल्यावर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्या, तो चुलीत घालू नका. ऑइल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नका, आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या. त्यातूनही बरंच निघतं, ते त्याच कॅनमध्ये ओता.