पूरक उपचार कोणाकडून घ्यावेत?

भाताची लावणी आटोपली की कोकणात कंबर आणि गुडघे धरलेली माणसे घरोघर दिसतात. मग कोणी वैद्यांकडे बस्ती (औषधी तेलाचा किंवा काढ्याचा आयुर्वेदिक उपचार) घ्यायला सुचवतो, कोणी ॲक्युप्रेशर, तर कोणी शेजारच्या वाडीतल्या हाडवैद्याचे नाव घेतो. अशा वेळी प्रथम आपले दुखणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण पूरक उपचार हा मूळ उपचाराच्या जोडीने घ्यायचा असतो आणि रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि होमिओपॅथीसाठी राज्यात स्वतंत्र कौन्सिल आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तसा फलक दिसताच सावध व्हावे.

माझ्या मते खरी पारख पहिल्या भेटीतच होते. चांगला उपचारक स्वतःचे गुणगान करण्याआधी तुमच्या चालू गोळ्या, झालेली शस्त्रक्रिया, हाडांचा ठिसूळपणा आणि स्त्री असल्यास गर्भारपण यांविषयी विचारतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला जोरकस मर्दन अपायकारक ठरू शकते, हे त्याला ठाऊक असते. आपणही किती दिवस यावे लागेल, एकूण खर्च किती आणि गुण न आल्यास उपचार कधी थांबवायचे, हे स्पष्ट विचारावे. पुडीतून औषध मिळाले तर त्याचे नाव लिहून घ्यावे, कारण काही रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांपासून बनवलेल्या आयुर्वेदिक औषधांत, पारा किंवा शिसे असते. तेल लावण्यासाठी स्त्रियांना स्त्री परिचारिका मिळते का, हेही आधीच ठरवावे.

अंतराचा विचार आपण फारसा करत नाही. अभ्यंग (तेल चोळणे) आणि स्वेदन (शेक देऊन घाम काढणे) सलग काही दिवस चालते व त्यानंतर विश्रांती लागते, म्हणून दिवसातून दोनदाच एसटी येणाऱ्या वाडीतल्या वृद्धाने तालुक्याच्या नामांकित केंद्रापेक्षा जवळचा नोंदणीकृत वैद्य निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

विंचूदंश आणि सर्पदंश मात्र या निवडीच्या बाहेरचे आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले. तेव्हा अशा वेळी मांत्रिकाकडे न थांबता थेट रुग्णालयच गाठावे.