‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची फाइल लहान करताना वाळू कशी वाचवाल?

१९६२ चा हा चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला. ब्लू-रेवरची आवृत्ती २२७ मिनिटांची आहे. १०८०पीमध्ये एकही बिट न दाबता ती साठवायची तर सुमारे १ टेराबाइट लागेल. ५० जीबीच्या डिस्कवर ती मावते, कारण एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीने ती आधीच दाबलेली असते. आपण एच.२६५ या त्यापुढच्या पद्धतीची फाइल करतो तो दुसरा दाब.

या दाबात पहिला बळी जातो तो ग्रेनचा, म्हणजे फिल्मवरच्या बारीक दाण्यांचा. मागच्या फ्रेममधलं काय कुठे सरकलं ते एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम) शोधतो आणि उरलेला फरक तेवढा लिहून ठेवतो. चालणारा उंट त्याला सापडतो, पण ग्रेन दर फ्रेमला नव्याने पडतो, त्यामुळे त्याचा माग लागत नाही. बिट अपुरे पडले की ग्रेन पुसला जातो आणि त्याच्याबरोबर वाळूचा पोतही जातो. ‘डीनॉइज’ हा दाणे पुसणारा फिल्टर लावून फाइल झटकन लहान होते खरी, पण चेहरे मेणाचे दिसतात. तो फिल्टर बंदच ठेवा.

कॉपीविरोधी कुलूप नसलेली एमकेव्ही (व्हिडिओ) फाइल हाताशी असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एन्कोडर ‘एच.२६५ १०-बिट (एक्स२६५)’, प्रीसेट ‘स्लो’ आणि ट्यून ‘ग्रेन’ निवडा. मूळ फाइल ८-बिट असली तरी १०-बिटच घ्या. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगघटकाला २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. वाळवंटातल्या स्वच्छ आकाशात पट्टे पडतात ते बहुतेक या पायऱ्यांच्या तुटवड्यामुळे. ग्राफिक कार्डावरचा एन्कोडर कितीतरी वेगवान असतो, पण तोच दर्जा हवा तर फाइल मोठी होते. रात्रभर संगणक चालू ठेवणं परवडतं.

फाइलचा आकार आधी ठरवू नका, दर्जा ठरवा: आरएफ १९ (आरएफ हा हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा; तो जितका कमी, तितका दर्जा जास्त). गर्दीच्या दृश्याला जास्त बिट, स्थिर दृश्याला कमी, ही वाटणी एन्कोडर स्वतः करतो. आरएफ ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते, म्हणून एकेका अंकानेच सरका. फ्रेमरेट ‘मूळ फाइलप्रमाणे’ ठेवा आणि डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत विभागलेलं चित्र जोडणारा फिल्टर) बंद करा.

पूर्ण चित्रपटाचं काम लावण्याआधी ‘रेंज’मध्ये सेकंद टाकून दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे काढून पाहा: एक रात्रीचा, एक गर्दीचा आणि तिसरा विहिरीवरचा. त्या तिसऱ्या दृश्यात क्षितिजावरच्या थरथरत्या हवेत एक काळा ठिपका दिसतो, हळूहळू त्याचा उंटावरचा शरीफ अली होतो. खरी परीक्षा इथेच. बिट कमी असले की उष्णतेची थरथर गोठते, ठिपका मधूनच विरघळतो आणि काही फ्रेमनंतर उडी मारून परत येतो. टीव्हीजवळ उभं राहून मूळ आणि नवा तुकडा ताडून पाहा. ठिपका उड्या मारत असेल तर आरएफ १८ करा.

क्रॉप आपोआप होऊ दिला तरी आकडे तपासा. गुणोत्तर २.२०:१ असल्याने १९२० बाय साधारण ८७२ उरायला हवेत, म्हणजे वर-खाली प्रत्येकी सुमारे १०४ ओळी जातात. हँडब्रेक मोजक्याच फ्रेम बघून अंदाज बांधतो, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत तो फसू शकतो. सुरुवातीला काळ्या पडद्यावर कित्येक मिनिटं नुसतं संगीत वाजतं. ते ओव्हर्चर आहे, फाइल बिघडलेली नाही. ते कापू नका, मध्यंतरही राहू द्या.

आवाज पुन्हा दाबू नका, ‘पासथ्रू’ करा, म्हणजे जसाच्या तसा घ्या. टीव्हीला तो झेपत नसेल तर एसी३ (डॉल्बी डिजिटल) ५.१, ६४० केबीपीएस असा दुसरा ट्रॅक जोडा, त्याने सुमारे १.१ जीबी वाढतात. ब्लू-रेची सबटायटल्स चित्ररूपात असतात. ती एमपी४ मध्ये जात नाहीत, म्हणून कंटेनर (फाइलचा प्रकार) एमकेव्हीच ठेवा.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा टीव्हीला १०-बिट एच.२६५ वाचता येत नाही. अशा वेळी फाइल पुन्हा करत बसण्यापेक्षा १०-बिट एच.२६५ चालवणारा एखादा मीडिया प्लेअर जोडा. मूळ डिस्क मात्र जपून ठेवा. पुढे नवा कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) आला तर त्याची फाइल या फाइलवरून नव्हे, डिस्कवरूनच करायची.