पुढच्या डेकवरचे दिवे लुकलुकतात? आधी वायर बघा

रात्री धनुष्यबाणाने मासे टिपायच्या सपाट तळाच्या बोटीवर 50 वॅटचे 6 एलईडी, म्हणजे 12 व्होल्टवर 25 अँपिअर. बॅटरी मागे, दिवे 5 मीटर पुढे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन 10 मीटरला जवळपास 1.8 व्होल्ट खर्ची पडतात आणि शिव्या खाते बिचारी बॅटरी. दिवे चालू ठेवूनच दिव्यापाशी मल्टिमीटर लावा, कळेल.

10 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक केबल ओढली. घट अर्ध्या व्होल्टच्या आत आली. लग्ज, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या, उद्यमनगरासारख्या औद्योगिक वसाहतीत मिळतात. ते क्रिंपिंग टूलने दाबून वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. नुसती पिळलेली जोडणी पाण्यावर हिरवी पडते. 40 अँपिअरचा फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. वायर वाचवायला निगेटिव्ह अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीलाच जोडू नका, पत्रा खाल्ला जातो.