बडोद्यात दोन दिवस: मुलांना चालता-बोलता इतिहास कसा दाखवाल

बडोद्याला मुलाबाळांना घेऊन यायचं असेल तर कोजागिरी उलटल्यावर या. नवरात्रात अख्खं शहर गरब्याला लोटतं, खोल्या मिळत नाहीत आणि रात्रभर जागल्यावर सकाळी कुणाचे डोळे उघडत नाहीत. कोजागिरीनंतर सकाळची हवा निवते, झाडं अजून हिरवीगार असतात. दुपारचं ऊन मात्र चटकतंच, म्हणून पायी फिरायच्या जागा सकाळी आणि संध्याकाळी, मधला वेळ छपराखाली. शनिवार-रविवार धरा. सोमवारी राजवाडा बंद असतो.

मी दांडिया बाजारात राहते. माहेर-सासर दोन्ही बडोद्याचंच. भाचरं, नातवंडं आली की मी एकच धोरण ठेवते: बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या काळी सुरू झालेलं काम जिथे आजही चालू आहे, तिथे त्यांना आधी न्यायचं. काचेमागची तलवार मुलं जिना उतरेपर्यंत विसरतात. चालतं काम बघितलं की प्रश्न विचारायला लागतात.

म्हणून शनिवारची सुरुवात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीपासून करा. सरकारी जागा आहे, दुसरा-चौथा शनिवार किंवा सणाची सुट्टी असेल तर आधी विचारून घ्या. मुलांना आत शिरण्यापूर्वी एवढं सांगा: महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेल्या माणसाने वाचायचं काय, हा प्रश्न आलाच. त्यासाठी 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि गावोगावी वाचनालयं काढली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या.

आत गेल्यावर पुस्तकांच्या दालनात जायची परवानगी मागा. नम्रपणे विचारलं आणि मुलं गोंगाट करणारी नसली तर सहसा नाही म्हणत नाहीत. तिथे कपाटं लोखंडी आहेत आणि वरच्या मजल्यांची जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. मुलाला खालच्या मजल्यावर उभं करा आणि वर बघायला सांगा. वरून कुणी चाललं की काचेत चपलांचे दोन काळसर ठसे सरकताना दिसतात. एवढ्या पुस्तकांमध्ये दिवा किंवा मेणबत्ती घेऊन फिरणं म्हणजे आगीला आमंत्रण, हे मूल मग स्वतःच ओळखतं. मराठी पुस्तकांचा विभाग जरूर विचारा. गुजरातेत इतकी मराठी पुस्तकं का, हा प्रश्न आला की गायकवाडांची गोष्ट आपोआप सुरू होते. इथे घाई करू नका, तासभर तरी द्या.

तिथून पायी लहरीपुरा दरवाज्याकडे या. न्यायमंदिराची इमारत 1896 ची. ती मुळात भाजी मंडई म्हणून बांधली आणि नंतर वर्षानुवर्षं तिथे कोर्ट भरलं. आता कोर्ट नव्या जागी गेलंय. बाहेरून बघा आणि भाजीवाले कुठे बसले असते याचा अंदाज मुलांना करू द्या. सूरसागर तलावाच्या बाजूला संगीत महाविद्यालय आहे, त्याचं मूळ 1886 मध्ये गवई मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेत. तिथल्या फुटपाथवर क्षणभर थांबलात तर तबल्याचा रियाज कानावर पडायची चांगली शक्यता असते.

दुपारी आमच्या भागातला तांबेकर वाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचं हे चार मजली लाकडी घर. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. जिने अरुंद, म्हणून पाठीवरच्या पिशव्या खालीच ठेवा. भिंतींवर कृष्णलीला आहे, महाभारत आहे आणि इंग्रज-मराठा लढाईही आहे. मुलांना आधी काही सांगू नका, फक्त "यात गोरे शिपाई शोधा" म्हणा. शोधता शोधता ती भिंतीचा कोपरान् कोपरा बघतात. रंगाला हात लावू द्यायचा नाही, हे मात्र दारातच बजावून ठेवा.

संध्याकाळी सेवउसळ खा आणि खंडेराव मार्केटला जा. राजवाड्यासारखी दिसणारी ही इमारत 1906 ची. दर्शनी भागात महापालिकेची कार्यालयं आहेत आणि मागे अजून भाजी-फळं-फुलांचा बाजार भरतो. मोठ्या मुलांच्या हातात पैसे देऊन त्यांना शेवंतीची फुलं आणायला पाठवा, भाव त्यांनीच करू दे.

रविवारी सकाळी लवकर काळ्या घोड्यापाशी या. घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराजच. जवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत बघा. थंडी पडू लागली की मगरी काठाच्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. पुलावरूनच बघायचं, काठावर उतरायचं नाही. समोर कमाटीबाग, म्हणजे 1879 चा सयाजीबाग. तिथल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा लहानांना खिळवून ठेवतो. हा मासा 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. बाकीची दालनं मुलांच्या पायांत जेवढं बळ असेल तेवढीच. त्याच बागेत संकल्पभूमी आहे, डॉ. आंबेडकरांची आठवण जपणारी जागा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना 1917 मध्ये या शहरात राहायला जागा मिळाली नाही. संस्थानाचं कौतुक सांगताना मुलांना हेही सांगायलाच हवं, आणि ते इथे, याच झाडांखाली सांगावं. जवळच कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघायला अर्धा तास पुरतो.

लक्ष्मीविलास राजवाडा मी मुद्दाम शेवटी ठेवते. तो आधी दाखवला की बाकी सगळं मुलांना लहान वाटायला लागतं. मेजर मांट यांनी आराखडा केला, त्यांच्यानंतर चिझम यांनी काम पुरं केलं, 1890 मध्ये. तिकिटाबरोबर माहिती सांगणारं यंत्र मिळतं, पण खरी गोष्ट बाहेर हिरवळीकडे तोंड करून तुम्हीच सांगा. 1874 मध्ये इंग्रज रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडलं आणि आळ तेव्हा गादीवर असलेल्या मल्हारराव महाराजांवर आला. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी माणसं बसली, त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही होते. मतं तीन-तीन अशी फुटली, तरी इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलंच. मग आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच सयाजीराव. 1911 च्या दिल्ली दरबारात इंग्लंडच्या बादशहापुढे एकदाच मान लववून, पाठ फिरवून चालते झाले ते हेच. बारा वर्षांच्या आसपासचं मूल बरोबर असेल तर ही गोष्ट गाळू नका.

गाडी असेल आणि वेळ उरला तर आजव्याला जा. महाराजांनी बांधलेल्या त्या तलावाचं पाणी आजही शहराच्या नळांना येतं. आगगाडीवेड्या मुलांसाठी प्रतापनगरला रेल्वेचा जुना नॅरोगेजचा ठेवा आहे. 1862 मध्ये डभोई ते मियागाम रुळांवर बैल डबे ओढायचे, हे ऐकून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर लीलो चिवडा शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी दुकानांत फार गर्दी होते. ओलसर असतो, प्रवासात वरच्या पिशवीत ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.