बुद्धिबळाच्या इंजिनात प्याद्यांची रचना झटपट कशी तोलावी

इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, शोध घेताना लाखो खेळ्या चाचपतं, पण त्यातल्या बऱ्याचशा घोडा, उंट, हत्ती नि वजिराच्या. प्यादी तिथेच असतात. म्हणून त्यांचा हिशेब एकदाच करायचा आणि जपून ठेवायचा.

आधी मांडणी. पांढऱ्या प्याद्यांसाठी ६४ बिटांची एक संख्या (बिटबोर्ड, दर घराला एक बिट), काळ्यांसाठी दुसरी. ए१ म्हणजे बिट ०, एच८ म्हणजे ६३. एक घर पुढे जायचं तर ८ बिट सरकवा, शेजारच्या फाइलवर, म्हणजे पटाच्या उभ्या रांगेवर, जायचं तर १. मात्र १ सरकवण्याआधी कडेची फाइल पुसा, नाहीतर एच४ वरचं प्यादं ए५ वर उगवतं!

मग पुढे वाट मोकळी असलेली प्यादी, म्हणजे पास्ड पॉन, शोधा. काळी प्यादी ८ बिट खाली सरकवा, त्या निकालात तोच ८, १६ आणि ३२ बिट सरकवून मिसळत (OR करत) जा. त्यांच्या पुढची सगळी घरं भरतात. हा पट्टा दोन्ही बाजूंना एकेक फाइल रुंद केला की त्याबाहेर उरलेली पांढरी प्यादी पास्ड. पांढरं डी५ वर आणि काळं सी६ वर असेल तर वाट अडलेली. तेच काळं सी५ वर असेल तर मोकळी. कुठेही लूप लागत नाही. एकटी (शेजारच्या फाइलींवर आपलं प्यादं नसलेली) आणि दुहेरी (एकाच फाइलवरची) प्यादीही असंच सरकवून, मिसळून सापडतात.

आता खरी बचत. संगणकतज्ज्ञ झोब्रिस्टने १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीने फक्त प्याद्यांची वेगळी की, म्हणजे त्या रचनेची ओळख पटवणारी संख्या, ठेवा, आणि तिच्यावरून हिशेब शोधायला एक टेबल. त्याच्या ३२ बाइटच्या १६,३८४ नोंदी ५१२ केबीत मावतात. नोंदीत की, गुण आणि पास्ड प्याद्यांचा बिटबोर्ड ठेवा. प्याद्यासमोर घोडा ठाण मांडून बसलाय का, हे मात्र नोंदीत घालू नका. ते दर पोझिशनला बघायचं. राजाच्या आडोशाचंही तेच, कारण राजा हलला तरी ही की बदलत नाही.

की अद्ययावत करताना घोळ होतो तो आँ पासाँमध्ये (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं): मारलेलं प्यादं मारणारा पोचतो त्या घरात नसतं. बढतीतही (प्यादं शेवटच्या रांगेत पोचून वजीर वगैरे होतं तेव्हा) प्यादं कीमधून काढायला विसरू नका. एका थ्रेडवर, ठरावीक खोलीपर्यंत, टेबल चालू आणि बंद ठेवून शोध चालवा. तपासलेल्या पोझिशनची संख्या एकानेही वेगळी आली, तर कुठेतरी चुकलंय.

वेग मोजताना मात्र सांभाळून. मे महिन्यातल्या मुंबईत, पंख्याखालच्या लॅपटॉपचा प्रोसेसर तापून मंदावतो, आणि नंतर चालवलेली आवृत्ती उगाच संथ वाटते. टेबल असलेली आणि नसलेली, दोन्ही आलटून पालटून चालवा.