सी डिफचा आलेख वाचायला शिकताना

रुग्णालयातल्या संसर्गांच्या आकडेवारीत ज्यांना काम करायचं आहे, त्यांना मी आधी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू हाती घ्यायला सांगते. वॉर्डात सगळे त्याला 'सी डिफ'च म्हणतात. अँटिबायोटिकांनी आतड्यातले नेहमीचे जिवाणू मेले की याचं फावतं. मग याच्या विषाने जुलाब लागतात, आणि वयस्कर रुग्णाच्या ते जिवावरही बेततं.

मी एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कसे पसरतात याचं शास्त्र, इंग्लंडमध्ये शिकले. तिथे एप्रिल 2007 पासून दोन वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या सी डिफच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची आहे आणि आकडे कुणालाही पाहता येतात. 2007-08 मध्ये 55 हजारांवर केसेस होत्या, 2013-14 मध्ये साधारण 13 हजार. एवढी घट कशामुळे? स्वच्छता वाढली होती हे खरं. सी डिफचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत, म्हणून साबण-पाणी आणि क्लोरीनवर भर होता. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मला खरा विचार करायला शिकवलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन औषधांना न जुमानणारे प्रकारच जवळपास नाहीसे झाले होते. बाकीच्यांच्या केसेस होत्या तेवढ्याच राहिल्या. नुसत्या स्वच्छतेने घट झाली असती, तर दोन्ही कमी व्हायला हवे होते. म्हणजे मोठा वाटा ही औषधं लिहून देणं कमी झाल्याचा. हा युक्तिवाद नीट समजेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग मोजणीकडे वळा. पीसीआर ही चाचणी विषाचं जनुक दाखवते. विष खरंच तयार होतंय का, ते दाखवत नाही. त्यामुळे एखादी लॅब विषाच्या चाचणीवरून फक्त पीसीआरवर गेली, की वॉर्डात काहीही न बदलता केसेस वाढतात. 28 दिवसांच्या आत पुन्हा पॉझिटिव्ह आलेला नमुना नवी केस धरत नाहीत. डिस्चार्जनंतर चार आठवड्यांत घरी आजारी पडलेला रुग्ण कुणाच्या खात्यात, हेही व्याख्येवर ठरतं. दर काढताना छेदात खाटा-दिवस (रोज भरलेल्या खाटांची बेरीज) असतात, आणि 2020 मध्ये कोविडमुळे खाटाच रिकाम्या झाल्या होत्या.

2021 नंतर इंग्लंडमधले आकडे पुन्हा चढले आहेत. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.

आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिकाच, पण त्याआधी एक सकाळ मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काढा. कुठला नमुना घेतात, कुठला नाकारतात, ते बघा. भारतात सी डिफची अशी सक्तीची देशव्यापी नोंद नाही. इथे काम करणार असाल, तर सुरुवात चाचणी कुणाची होते आणि कुणाची होतच नाही, हे विचारण्यापासून करावी लागेल.